नेआ इओनिया : अथेन्सच्या वेशीबाहेर वसलेली विणकरांची वस्ती

अथेन्सहून उत्तरेला किफिसियाकडे जाणाऱ्या लोकलवर नेआ इओनिया हे स्टेशन लागतं. आज ते राजधानीच्या इतर दाट उपनगरांसारखंच दिसतं: पाचसहा मजली इमारती, बाल्कन्यांवर ओढलेल्या ताडपत्र्या, खाली दुकानं. मोहल्ल्यांची नावं मात्र दूरची आहेत. साफ्राम्पोली, इनेपोली, अलाया ही साफ्रानबोलू, इनेबोलू आणि अलान्या या तुर्कस्तानातल्या गावांची ग्रीक रूपं. शंभर वर्षांपूर्वी या जागेला पोडाराडेस म्हणत, आणि इथे वस्ती जवळजवळ नव्हतीच.

१९१९ मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्नाला, म्हणजे आजच्या इझमिरला उतरलं. तीन वर्षांनी तुर्कांपुढे त्याची आघाडी कोसळली, सप्टेंबर १९२२ मध्ये स्मिर्ना जळलं आणि मिळेल त्या बोटीने तिथली ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसं ग्रीसच्या किनाऱ्याला लागली. पुढे ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. कोण कुठे जाणार हे ठरलं धर्मावरून, भाषेवरून नव्हे. त्यामुळे घरात फक्त तुर्की बोलणारे हजारो ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ‘मायदेशी’ पाठवले गेले. हा मायदेश त्यांनी कधी पाहिलेलाही नव्हता. १९२८ च्या जनगणनेत ग्रीसची लोकसंख्या सुमारे ६२ लाख भरली, त्यातले १२ लाखांहून अधिक निर्वासित होते.

सुरुवातीला अथेन्समध्ये शाळा, चर्च, गोदामं, जे मोकळं दिसेल ते भरलं. शहराच्या नाट्यगृहात तर एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब राहत होतं. श्रीमंतांनी ऑपेरा पाहायच्या जागी दोऱ्यांवर कपडे वाळत होते. स्थानिकांनी स्वागत केलं म्हणावं, तर ‘तुर्कांचं बी’, ‘दह्यात बाप्तिस्मा झालेले’ असे टोमणे तेव्हाचेच.

निर्वासितांसाठी सरकारी निधीतून आणि १९२३ च्या अखेरीपासून राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) देखरेखीखालच्या पुनर्वसन आयोगामार्फत घरं बांधली गेली. आयोगाचे पहिले अध्यक्ष हेन्री मॉर्गेन्थाउ हे पूर्वी कॉन्स्टँटिनोपलमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. राजधानीभोवती चार मोठ्या वसाहती आखल्या गेल्या: व्हायरोनास, कैसारियानी, नेआ इओनिया आणि पिरेअस बंदराजवळ कोक्किनिया. चारही तेव्हाच्या शहराच्या हद्दीपासून अंतर राखून. जमीन स्वस्त होती हे खरं, पण गरीब आणि संतापलेली गर्दी प्रतिष्ठित वस्तीपासून लांब राहावी हा हिशेबही त्यात होताच, असं नकाशा पाहिला की वाटतं.

नेआ इओनियाची कोनशिला ३० जून १९२३ रोजी निकोलाओस प्लास्तिरास यांनी बसवली. तेव्हाच्या क्रांतिकारी सरकारचे ते सूत्रधार. घरं लहान, बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला एखाददुसरी खोली, आणि पैसे हप्त्यांनी फेडायचे.

इतर वसाहतींहून हिचं वेगळेपण घरांत नव्हतं, मागांत होतं. इथे आलेल्यांत पिसिदियातल्या स्पार्टाचे, म्हणजे आजच्या इस्पार्टाचे लोक बरेच होते आणि ते गाव गालिच्यांसाठी नावाजलेलं. आयोगाने घरांच्या शेजारीच कारखान्यांना जमिनी दिल्या. कारखानदारांना कसबी हात हवे होते, तेही स्वस्तात. ते हात मुख्यतः बायकांचे आणि मुलींचे. तुर्कस्तानात अनेक पुरुषांना लष्कराच्या मजूर तुकड्यांत नेलं होतं. कित्येक परतलेच नाहीत, त्यामुळे बाईच्या कमाईवर चालणारी घरं इथे पुष्कळ होती. उभ्या मागापुढे फळीवर ओळीने बसायचं, ताण्याच्या दोऱ्यांना लोकरीची एकेक गाठ मारायची, सुरीने कापायची, ओळ पुरी झाली की फणीने ठोकून घट्ट करायची. तयार गालिचे परदेशी जात. १९२९ च्या मंदीत अमेरिकेतली मागणी आटली तसा गालिच्यांचा धंदा बसला, आणि सुती, लोकरी, रेशमी कापडाच्या गिरण्यांनी त्याची जागा घेतली.

१९३० मध्ये पंतप्रधान वेनिझेलोस यांनी तुर्कस्तानशी समेट करताना निर्वासितांनी मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे मिटवून टाकले. नुकसानभरपाईच्या आशेवर बसलेल्यांना हा दगा वाटला. तोवर वेनिझेलोस यांच्यामागे एकगठ्ठा उभ्या असलेल्या वसाहतींतली बरीच मतं डावीकडे वळली, ती इथूनच. १९३४ मध्ये नेआ इओनिया स्वतंत्र नगरपालिका झाली.

जर्मन ताब्याच्या काळात या वसाहती प्रतिकाराचे अड्डे होत्या. नेआ इओनियाच्या कालोग्रेझा भागात लिग्नाइटची खाण होती. मार्च १९४४ मध्ये त्या भागाला वेढा पडला. अशा वेढ्यांची एक ठरलेली पद्धत होती: पुरुषांना चौकात गोळा करायचं, तोंड झाकलेल्या खबऱ्याने बोट दाखवायचं आणि दाखवलेल्याला गोळी घालायची. कालोग्रेझातही माणसं अशीच मारली गेली.

युद्धानंतर गिरण्या पुन्हा जोरात चालल्या. १९५६ मध्ये विजेची रेल्वे इथपर्यंत आली. लोकप्रिय गायक स्तेलियोस काझांट्झिडिस याच वसाहतीत १९३१ मध्ये जन्मले. आईवडील दोघेही निर्वासित, आणि पोरवयात त्यांनीही कापड गिरणीत काम केलं. याच काळात ‘अंदिपारोही’चं युग आलं. मालकाने जमीन द्यायची, कंत्राटदाराने इमारत उभारायची आणि फ्लॅट वाटून घ्यायचे. मुंबईकरांना हा व्यवहार समजावून सांगायला नको. निर्वासितांची बैठी घरं यातच भराभर गेली.

१९८० नंतर स्वस्त आयात कापडापुढे गिरण्या टिकल्या नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६७ हजारांच्या घरात होती. आशिया मायनरच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागाच्या, संस्कृतीचं एक केंद्र नगरपालिका चालवते. जुनी घरं थोडीफार उरली आहेत ती साफ्राम्पोलीसारख्या भागांत. एका घराचे वारस अनेक असले, की सगळ्यांच्या सह्या मिळवणं तिथेही सोपं नसतं.