निखळ शूटर

निखळ शूटर : बास्केटबॉलमध्ये केवळ चेंडू रिंगमध्ये टाकण्याच्या कौशल्यासाठी ओळखला जाणारा खेळाडू. उंची, उडी, ताकद किंवा चेंडू घेऊन घुसण्याची क्षमता यांचा या बिरुदाशी संबंध नाही. सर्वाधिक गुण करणारा आणि सर्वोत्तम शूटर ही दोन वेगळी माणसे असू शकतात. इतिहासातला सर्वश्रेष्ठ निखळ शूटर कोण, हा वाद बहुतेक वेळा अडतो तो हा फरक विसरल्यामुळेच.

रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते आणि तिचा व्यास सुमारे ४५.७ सेंटिमीटर असतो. चेंडूचा साधारण २४. म्हणजे जागा भरपूर, असे वाटते. पण चेंडू क्वचितच सरळ वरून येतो. तो ४५ अंशांच्या उतारावरून आला, तर त्याच्या वाटेला येणारी फट जेमतेम ३२ सेंटिमीटरची राहते. ३० अंशांवर ती चेंडूपेक्षाही अरुंद होते. उंच कमानीचा फटका देखणा दिसतो, त्यामागे हा हिशेब आहे. बोटांच्या टोकांवरून सुटलेला, स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरत जाणारा चेंडू रिंगला लागला तरी त्याचा वेग मरतो आणि तो आत पडण्याची शक्यता वाढते. कोपर, मनगट आणि पाय प्रत्येक वेळी तेच करतात की नाही, यावरून जाणकार शूटर ओळखतात.

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये थ्री-पॉइंट रेषा १९७९-८० च्या हंगामात आली; तिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात. त्याआधीच्या खेळाडूंना आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. बिल शारमनने १९५३ ते १९६१ या काळात फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्याच्या) टक्केवारीत सात हंगाम लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, पण लांबून टाकलेल्या त्याच्या बास्केटलाही दोनच गुण मिळत. पीट मॅराविचने लुईझियाना राज्य विद्यापीठाकडून प्रत्येक सामन्यात सरासरी ४४.२ गुण केले तेही या रेषेविना. रेषा आली तेव्हा त्याचा शेवटचा हंगाम चालू होता. त्यात त्याने १५ पैकी १० थ्री-पॉइंटर टाकले. एवढ्याशा नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये हे खरे, पण हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. रेषा आल्यावरही संघांनी ती लगेच मनावर घेतली नाही. पहिल्या हंगामात संघ सामन्याला सरासरी तीनही प्रयत्न करत नव्हते. आज तो आकडा ३५ च्या वर आहे.

टक्केवारीने वाद मिटेल असे वाटते, आणि इथेच तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. एनबीएच्या कारकिर्दीतील थ्री-पॉइंटची सर्वोच्च टक्केवारी स्टीव्ह करच्या नावावर आहे : ४५.४. मात्र पंधरा हंगामांत त्याने एकूण ७२६ थ्री-पॉइंटर टाकले आणि सामन्याला सरासरी दोनही प्रयत्न केले नाहीत. स्टीफन करीने २०१५-१६ या एकाच हंगामात ४०२ टाकले. टक्केवारी तीच, ४५.४. त्या वेळी त्याचा प्रशिक्षक होता स्टीव्ह कर. करला बहुधा मोकळे उभे असताना आयता पास मिळे. करी अनेकदा स्वतः ड्रिबल करत, अंगावर बचावपटू असताना, रेषेपासून बरेच मागून टाकतो. दोन्ही आकडे कागदावर सारखेच दिसतात, पण दुसरा कितीतरी पटींनी कठीण आहे.

यावर उलट मत असे की ‘निखळ’ म्हणजे चेंडू आला, टाकला, इतकेच. या कसोटीवर क्ले थॉम्पसनइतके चोख उदाहरण सापडणे अवघड. ५ डिसेंबर २०१६ रोजी त्याने २९ मिनिटांत ६० गुण केले आणि त्या रात्री अवघे ११ वेळा ड्रिबल केले. रेगी मिलर आणि रे ॲलनही याच पठडीतले : पडद्यांभोवती (बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्यांभोवती) धावत सुटायचे आणि चेंडू हातात येण्याआधीच पाय रोवलेले ठेवायचे. २०१३ च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात ५.२ सेकंद उरले असताना ॲलनने मागे सरकत कोपऱ्यातून बरोबरी साधली. मागे सरकत कोपरा गाठण्याचा सराव तो आधीपासून करत असे.

बचावपटू नसलेला एकमेव फटका म्हणजे फ्री थ्रो. अंतर ४.५७ मीटर, सर्वांना सारखे. म्हणून शुद्ध हाताची परीक्षा तीच, असे जुने जाणकार म्हणतात. स्टीव्ह नॅश आणि मार्क प्राइस यांची कारकिर्दीची टक्केवारी ९०.४ आहे, करीची त्याहून थोडी वर. मैदानी फटके ५०, थ्री-पॉइंटर ४० आणि फ्री थ्रो ९० टक्के असा तिहेरी टप्पा एनबीएत प्रथम लॅरी बर्डने १९८६-८७ मध्ये गाठला. नॅशने तो चारदा गाठला आणि २००६-०७ मध्ये एका फ्री थ्रोने हुकवला. ॲलनला तो कधीच जमला नाही. या मापावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

१४ डिसेंबर २०२१ रोजी करीने ॲलनचा २,९७३ थ्री-पॉइंटरचा विक्रम मागे टाकला आणि मार्च २०२५ मध्ये ४,००० चा टप्पा ओलांडला. त्यानंतर पहिल्या क्रमांकाबद्दल गंभीर मतभेद फारसे उरले नाहीत. भांडण आता दुसऱ्या जागेपासून पुढे आहे. तिथे ड्राझेन पेट्रोविचचे नाव हमखास निघते. १९९३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी जर्मनीत मोटार अपघातात तो गेला, तेव्हा त्याची एनबीएतील थ्री-पॉइंट टक्केवारी ४३.७ होती.

ही चर्चा पुष्कळदा पुरुषांपुरतीच राहते, याला आधार नाही. एलेना डेल डनने २०१९ मध्ये ५०-४०-९० चा टप्पा डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमध्ये प्रथम गाठला. सब्रिना योनेस्कूने २०२३ च्या थ्री-पॉइंट स्पर्धेत ४० पैकी ३७ गुण मिळवले. पुढच्या वर्षी ती करीविरुद्ध उतरली तेव्हा एनबीएच्याच रेषेवरून, आपल्या लीगच्या चेंडूने खेळली आणि २९-२६ अशी हरली. त्याच रात्री पुरुषांची स्पर्धा डेमियन लिलार्डने अंतिम फेरीत २६ गुणांवरच जिंकली होती.