आहारप्रयोग, जीवनसत्त्व संशोधनातील

प्राण्यांना ज्ञात घटकांचा, शक्य तितका शुद्ध आहार देऊन आणि त्यात एकेक पदार्थ वाढवून किंवा वगळून वाढीवर व आरोग्यावर होणारा परिणाम तपासण्याची पद्धत. जीवनसत्त्वे शुद्ध स्वरूपात हाती येण्यापूर्वी त्यांचे अस्तित्व मुख्यतः या पद्धतीनेच सिद्ध झाले.

आरंभाबद्दल एकमत नाही. १८८१ च्या सुमारास डोर्पाट (आताचे तार्तू, एस्टोनिया) येथे न्यिकलाय लुनिन यांनी दाखवले, की दुधावर उंदीर जगतात. पण केसीन (दुधातील प्रथिन), स्निग्ध पदार्थ, साखर आणि क्षार यांच्या मिश्रणावर मरतात. मात्र हा धागा पुढे नेला गेला नाही. अनेक ग्रंथांत श्रेय डच वैद्य क्रिस्तीआन आइकमान यांना दिले जाते. जावातील बटाव्हिया येथे त्यांनी कोंडा काढलेल्या (सडीच्या) तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा (माणसातील मज्जातंतूंच्या रोगासारखा) पक्षाघात होतो आणि कोंड्याने तो बरा होतो हे दाखवले. परंतु पिष्टातून विष तयार होते व कोंडा त्यावर उतारा ठरतो, असा त्यांचा अर्थ होता. त्यांचे उत्तराधिकारी खेरिट ग्राइन्स यांना १२०° से.पर्यंत तापवलेल्या मांसावरही कोंबड्या आजारी पडताना आढळल्या; मांसात तर पिष्ट नसते. त्यावरून आहारात आवश्यक घटक कमी पडतो, असे त्यांनी १९०१ मध्ये मांडले. अभावाची कल्पना ग्राइन्स यांची मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९२९ चे नोबेल पारितोषिक मात्र आइकमान व ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉपकिन्स यांना मिळाले.

हॉपकिन्स यांच्या १९१२ च्या प्रयोगाची मांडणी नमुनेदार आहे. केसिनोजेन (केसीनचेच तेव्हाचे नाव) २२, पिष्ट ४२, उसाची साखर २१, डुकराची चरबी १२.४ व क्षार २.६ टक्के असा मूळ आहार होता. आठ उंदरांना एवढेच, तर दुसऱ्या आठांना याशिवाय रोज प्रत्येकी ३ घ. सेंमी. दूध दिले. अठराव्या दिवशी दूध पहिल्या गटाकडे वळवताच त्यांची वाढ सुरू झाली आणि दुसऱ्या गटाची खुंटली. अदलाबदलीमुळे उंदरांच्या जातिगुणांतील फरकाचा आक्षेप उरला नाही. अमेरिकेतील ऑझबर्न व मेंडेल या संशोधकांना मात्र इतक्या थोड्या दुधाने असा परिणाम मिळाला नाही.

अशा विसंगतींची मुळे बहुधा आहाराच्या शुद्धतेत असतात. केसीन अल्कोहॉलने नीट न धुतल्यास त्यात जीवनसत्त्वे राहतात. अमेरिकन संशोधक मॅकॉलम व डेव्हिस यांच्या १९१३ च्या आहारातील दुग्धशर्कराही तशीच अशुद्ध होती. त्यामुळे लोणी व अंड्यातील मेदविद्राव्य घटक (पुढे ‘अ’ जीवनसत्त्व) त्यांना सापडला, पण ‘ब’ची गरज लपून राहिली. उंदीर स्वतःची विष्ठा खातात व आतड्यांतील जीवाणूंनी बनवलेले ‘ब’ गटातील घटक त्यातून मिळवतात. म्हणून पिंजऱ्याला जाळीचा तळ हवा. यकृतातील ‘अ’चा साठा संपेपर्यंत लक्षणे दिसत नाहीत, त्यामुळे कोवळी पिल्लेच निवडावीत. प्राण्याची जातही महत्त्वाची : उंदीर ‘क’ जीवनसत्त्व शरीरातच बनवतो, गिनीपिग बनवत नाही. नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिक यांनी १९०७ मध्ये गिनीपिगमध्ये स्कर्व्ही (‘क’च्या अभावाचा रोग) निर्माण केली, ती म्हणूनच शक्य झाली.

मुंबईशी याचा संबंध ब्रिटिश वैद्य ल्यूसी विल्स यांच्यामुळे येतो. १९२८ पासून त्यांनी येथील गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास केला. उंदरांवरील त्यांचे निष्कर्ष उवांमार्फत पसरणाऱ्या बार्टोनेला संसर्गाने डागाळले. नंतर त्यांनी माकडे वापरली. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो असे दिसले. त्यातील घटक पुढे फॉलिक अम्ल म्हणून ओळखला गेला.