पार्श्वभूमी : सातबाऱ्यावरची ‘अ.पा.क. आई’

यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याकडच्या कितीतरी सातबाऱ्यांवर मुलाच्या नावाशेजारी ‘अ.पा.क. आई’ अशी नोंद असते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालक कर्ता : मुलगा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, आणि त्याची पालक आई. बाप गेला, वारसान चढली, वावर लेकरांच्या नावावर आले आणि सही आईची लागू लागली. ही सही कुठवर चालते, हा वाद विदर्भाच्या कोर्टकचेऱ्यांत जवळपास शंभर वर्षांचा आहे.

मुलाने 18 वर्षे पूर्ण केल्याशिवाय यातून सुटका नाही. फ्रान्समध्ये किंवा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत 18 च्या आतल्या मुलालाही न्यायालय आपल्या व्यवहारापुरते मोकळे करू शकते. आपल्याकडे तशी सोय कधीच झाली नाही. लग्नानेही नाही, 1956 चा पालकत्वाचा हिंदू कायदा विवाहित अज्ञान मुलीचा पालक म्हणून सरळ नवऱ्याचे नाव सांगतो. उलट सज्ञान होण्याचे वय ठरवणाऱ्या 1875 च्या कायद्यात एक जाच होता. न्यायालयाने पालक नेमला की त्या मुलाचे सज्ञान होण्याचे वय 18 वरून 21 वर जाई. कुणी त्याच्या भल्यासाठी कोर्टात गेले, तर तो शेजारच्या पोरापेक्षा तीन वर्षे जास्त अज्ञान राही. हा फरक 1999 मध्ये काढला गेला.

आईच्या अधिकाराची खरी लढाई नागपुरात झाली. विदर्भ तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय होते. 1940 च्या दशकात तिथे एका विधवेच्या वचनचिठ्ठीचे, म्हणजे कर्ज फेडण्याच्या लेखी हमीचे प्रकरण आले. घरात कर्ता पुरुष नाही, दोन मुलगे अज्ञान, आणि गरजेपोटी आईने त्यांची पालक म्हणून कर्ज काढलेले. ते कर्ज मुलांवर बांधील आहे का, हा प्रश्न होता. न्यायालयाने 1947 साली छापून आलेल्या निकालात आईचा व्यवहार ग्राह्य धरला. सही कोणी केली यापेक्षा व्यवहार कुटुंबाच्या गरजेचा आणि मुलांच्या हिताचा होता का, हे पाहायचे, असा त्यामागचा विचार. पुढे याच न्यायालयाने विधवेला एकत्र कुटुंबाची कर्ती, म्हणजे मिळकतीचा कारभार पाहणारी प्रमुख, मानण्यापर्यंत मजल मारली.

मद्रासच्या न्यायालयाचे मत याच्या उलट होते. कर्ता व्हायचे तर आधी सहदायाद असावे लागते, म्हणजे जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीत हक्क असावा लागतो. बाई लग्नाने घरात येते, तेव्हा ती कर्ती होऊच शकत नाही. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासची बाजू उचलली आणि नागपूरचे मत चूक ठरवले. तो दावा शेतीचा नव्हताच. एका साखर कारखान्याच्या भागीदारीवरील आयकराचा होता. पण त्याची झळ वऱ्हाडातल्या कोरडवाहू घरापर्यंत आली. शास्त्राच्या दृष्टीने मद्रासचे म्हणणे जास्त काटेकोर असेलही. पण सावकाराशी बोलणारी, बियाणे आणणारी, मजुरी चुकवणारी बाई कोण आहे, हे नागपूरच्या न्यायाधीशांनी पाहिले होते. ते मत टिकायला हवे होते.

1956 हे साल या गोष्टीत फार महत्त्वाचे आहे. ऑगस्टमध्ये अज्ञानत्व व पालकत्वाचा हिंदू कायदा आला : नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. डिसेंबरमध्ये दत्तक व पोटगीचा कायदा आला. त्यात मुलांना पोसण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवरही टाकली. चार महिन्यांच्या अंतराने एकाच संसदेने आईला जबाबदारी बरोबरीची दिली आणि अधिकार मात्र बापाच्या मागे ठेवला. मधल्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात गेला, पण या दोन्ही कायद्यांपुढे त्याने काही बदलले नाही.

‘त्याच्यानंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच का, हा प्रश्न नेटाने पुढे आला तो विदर्भाच्याच कूळकायद्याखालच्या एका प्रकरणात. बाप जिवंत होता, पण वर्षानुवर्षे वेगळा राहत होता. मुलगी आईजवळ होती आणि तिच्या जमिनीचे सगळे आईच बघत होती. सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये आईलाच नैसर्गिक पालक मानले. 1999 मध्ये हाच अर्थ सगळ्यांसाठी रुंद केला गेला : बाप लक्ष देत नसेल, दूर असेल, असमर्थ असेल, तर तो हयात असतानाही आई पालक.

एवढे होऊनही वावराचा प्रश्न सुटला नाही. 1956 च्या पालकत्वाच्या कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे मुलाची जमीन विकायला, गहाण टाकायला किंवा पाच वर्षांहून जास्त मक्त्याने द्यायला आईला न्यायालयाची परवानगी लागते. नाही घेतली तर मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. मुलाचे रक्षण म्हणून ही तरतूद योग्यच आहे. पण 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला अज्ञानाचा हिस्सा कर्त्याने विकला तर हे कलम लागत नाही. म्हणजे कर्ता असलेल्या चुलत्याला परवानगी नको आणि आईला हवी. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगीही सहदायाद झाली. तिला वाढवणारी विधवा आई अजूनही नाही.

शेतकरी आत्महत्यांच्या काळात हे सगळे एकदम अंगावर आले. पात्र ठरलेल्या कुटुंबाला राज्य सरकारची मदत 1 लाख, त्यातले 30 हजार हाती आणि 70 हजार ठेवीत. जमीन मुलांच्या नावावर, म्हणून पीककर्जाला तारण म्हणून ती गहाण टाकायची तर बाईला आधी जिल्ह्याच्या कोर्टात जावे लागे. पेरणी मृगात असते. परवानगीचा अर्ज तारखांवर चालतो. मग वावर बटईने जाते, नाहीतर दिराच्या हाती.

2025 मध्ये राज्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली, तीही आधी बुलडाणा जिल्ह्यात. मयत खातेदारांच्या जागी वारस लावणे हे तिचे पहिले काम. पुढच्या टप्प्यात मुले सज्ञान झाल्यावरही राहून गेलेले अ.पा.क. शेरे कमी करण्याचे काम हाती घेतले गेले. ज्यांची लेकरे अजून अठराच्या आत आहेत, त्यांच्यासाठी आठवे कलम आहे तसेच आहे.