माराकाना स्टेडियम

ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोचं फुटबॉल स्टेडियम. ऑफिशियल नाव एस्तादियो जोर्नालिस्ता मारिओ फिल्यो, पण हे कुणी म्हणत नाही. मारिओ फिल्यो हे क्रीडा पत्रकार, स्टेडियम आहे त्याच जागी व्हावं म्हणून त्यांनी पेपरातून मोहीमच चालवली होती. ते १९६६ मध्ये गेल्यावर त्यांचं नाव दिलं. २०२१ मध्ये पेलेचं नाव द्यायचं विधेयक राज्याच्या विधानसभेत पास झालं, बराच आरडाओरडा झाला आणि गव्हर्नरने ते अडवलं.

‘माराकाना’ हे जवळून वाहणाऱ्या नदीचं नाव, आणि नदीला ते एका पोपटासारख्या पक्ष्यावरून पडलं असं साधारण मानतात. शब्द तुपी भाषेतला. काहीजण त्याची ‘माराका’ म्हणजे खुळखुळा आणि ‘ना’ म्हणजे सारखा अशी फोड करतात. पण खुळखुळ्यासारखा आवाज करणारा तो पक्षी असं धरलं तर दोन्ही मतं एकमेकांत बसतात, त्यामुळे या वादात फार दम नाही.

इथे आधी डर्बी क्लबचं घोड्यांच्या रेसचं मैदान होतं. कार्लोस लासेर्दासारख्या पुढाऱ्यांचं म्हणणं होतं की स्टेडियम लांब जाकारेपाग्वाला बांधा. शेवटी २ ऑगस्ट १९४८ ला इथेच काम सुरू झालं आणि १६ जून १९५० ला रिओ विरुद्ध साओ पाउलो अशी पहिली मॅच झाली, पहिला गोल दिदीचा, जिंकलं मात्र साओ पाउलो. वर्ल्ड कप तोंडावर होता म्हणून उद्घाटन उरकलं, बारीकसारीक कामं १९६५ पर्यंत चालूच होती.

आता गर्दीचा आकडा. १६ जुलै १९५० ला वर्ल्ड कपच्या निर्णायक मॅचमध्ये उरुग्वेने ब्राझीलला २-१ ने हरवलं (तांत्रिकदृष्ट्या ही फायनल नव्हती, शेवटच्या गटातली शेवटची मॅच, ब्राझीलला ड्रॉ पण चालला असता), त्या दिवशी दोन लाख लोक होते असं सगळीकडे छापतात. विकलेली तिकिटं १,७३,८५०, आणि १,९९,८५४ हा आकडा फुकट आलेल्यांसकटचा अंदाज. दुसरा आकडा रंगतदार आहे, पण हिशोब तिकिटांचाच करायचा तर रेकॉर्ड १९५० चं ठरतच नाही, ते १९६९ च्या ब्राझील-पॅराग्वे क्वालिफायरकडे (वर्ल्ड कपच्या पात्रतेची मॅच) जातं, १,८३,३४१. हे जास्त पटतं.

एवढी माणसं मावायची कारण खाली मैदानाला लागून ‘जेराल’ नावाचा उभं राहून बघायचा भाग होता, सगळ्यात स्वस्त, तिथून खेळाडूंचे पायच जास्त दिसायचे, आणि तिथल्या पब्लिकला जेराल्दिनो म्हणायचे. १९ जुलै १९९२ ला फ्लामेंगो-बोताफोगो या रिओतल्याच दोन क्लबांच्या मॅचच्या वेळी वरच्या स्टँडचं कठडं तुटलं, तिघे गेले, त्यानंतर प्रेक्षकसंख्येवर मर्यादा आली आणि पुढे उभ्याच्या जागी खुर्च्या येत गेल्या. २००५ मध्ये जेराल बंद झाला, २००७ च्या पॅन अमेरिकन गेम्सच्या आधीच्या कामात तो गेलाच.

खरी तोडफोड २०१० ते २०१३ मधली. बाहेरचा सांगाडा ठेवला, आतले दोन मजली स्टँड पाडून एकच सलग उतार केला. वाद झाला तो छतावरून. जुनं छत काँक्रीटचं, पुढे खांब न लावता आत झुकलेलं, आणि अख्खं स्टेडियम वारसा म्हणून संरक्षित यादीत. पण तपासणीत काँक्रीट आतून खराब झाल्याचं निघालं म्हणून ते पाडायला परवानगी मिळाली. परवानगी देणारी संस्था वारसा जपणारीच, त्यामुळे टीका व्हायचीच होती. त्याजागी केबलांनी ताणून धरलेलं, टेफ्लॉनचा लेप असलेल्या फायबरग्लास कापडाचं छत आलं, हे बरंच पुढे येतं म्हणून जवळपास सगळ्या खुर्च्या पावसापासून वाचतात. खर्च १०० कोटी रेआइसच्या (ब्राझीलचं चलन) वर गेला, क्षमता साधारण ७८ हजारांवर आली. म्हणजे १९५० च्या निम्मी पण नाही.

नंतर २०१४ ची वर्ल्ड कप फायनल (जर्मनी १, अर्जेंटिना ०) आणि २०१६ ऑलिंपिकचं उद्घाटन इथेच झालं. ऑलिंपिक संपल्यावर देखभाल कुणी करायची यावर घोळ झाला, २०१७ च्या सुरुवातीला गवत वाळलेलं आणि खुर्च्या उखडलेल्या अशी अवस्था होती. २०२४ मध्ये फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से या क्लबांना मिळून २० वर्षांसाठी चालवायला दिलं.