आनापान आणि विपश्यना: मन शांत झालं म्हणजे सुटलो का?

विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून माणूस साताऱ्यात परतला की पहिला प्रश्न ठरलेला: "काय, मन शांत झालं का?" उत्तरही बहुधा ठरलेलंच: "तिथं झालं होतं हो, घरी आलो आणि ये रे माझ्या मागल्या."

इथं दोन साधनांची गल्लत होते. सत्यनारायण गोएंका हे विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकून १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले. त्यांच्या पद्धतीच्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस चालतं ते आनापान. विपश्यना चौथ्या दिवशी सुरू होते.

आनापान म्हणजे येणारा-जाणारा श्वास नाकापाशी नुसता पाहणं. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, जोडीला मंत्र नाही. त्यामुळे त्याला प्राणायामही म्हणता येत नाही. मन एका जागी टिकायला लागलं की शांत वाटतं. ही शांतता खोटी नाही, पण परिस्थिती बदलली की हलते. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांत जाऊन बघा. खडकात कोरलेल्या गार खोलीत घटकाभर बसलं की कुणीही साधू होतो. खाली हायवेला आल्यावर मागच्या ट्रकनं कर्कश हॉर्न मारला की तोंडातून काय निघतं, ते ज्याचं त्यानं ऐकावं.

खुद्द सिद्धार्थ गौतमालाही हीच अडचण आली होती. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोघा गुरूंकडे तो एकाग्रतेच्या फार वरच्या अवस्थांपर्यंत पोचला. एवढ्यानं दुःखातून सुटका होत नाही, हे पाहून त्यानं दोघांनाही सोडलं.

विपश्यनेत टिकलेलं मन अंगावर फिरवायचं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि जी संवेदना असेल ती पाहायची. खरी कसोटी अधिष्ठानाच्या बैठकीत लागते: तासभर हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत. अर्ध्या तासानंतर गुडघा बोलायला लागतो. नीट पाहिलं तर तो एकसंध दगड नसतो; थोडी आग, थोडा दाब, एक ठणका, तोही जागा बदलणारा. त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी धुमसत असतं: अजून तास कसा संपत नाही, मलाच का, उद्या निघून जातो! सल्लसुत्त या उपदेशात बुद्ध दोन बाणांचं बोलतात ते हेच. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला. विपश्यनेचं काम दुसऱ्यावर चालतं.

म्हणून दातओठ खाऊन बसणं ही विपश्यना नव्हे. तो नुसता हट्ट. आणि अंगभर गोड झिणझिण्या आल्या की त्या पुन्हा याव्यात म्हणून बसणं, हे तर माझ्या मते जास्त फसवं. दुखणं नको आणि सुख हवंच, या दोन्ही ओढी एकाच जातीच्या.

"तरी राग येतोच की," असं म्हणणाऱ्यांना मी उलट विचारतो: आला तो कळला कधी? भांडण संपल्यावर, की जबडा आवळला तेव्हाच? सकाळी दुकान उघडायच्या आधी मन सैरभैर असेल तर आधी आनापानच करावं, त्यात कमीपणा नाही. शाळेत 'मित्र' नावाच्या ध्यानाच्या उपक्रमात मुलं डोळे मिटून बसतात, त्याला पालक सर्रास विपश्यना म्हणतात. तेही आनापानच असतं.