आवृत्ती नियंत्रणातील डेटाबेस-साठवण

आवृत्ती नियंत्रण प्रणालीत, म्हणजे फाइलींत वेळोवेळी होणारे बदल जपून ठेवणाऱ्या संगणक-प्रणालीत, साचत जाणारा इतिहास, म्हणजे फाइलींचा मजकूर, आवृत्त्यांमधील पूर्वज-वंशज नाती, कमिटच्या (जमा केलेल्या प्रत्येक बदलाच्या) नोंदी आणि शाखांची (समांतर चालणाऱ्या बदल-मालिकांची) नावे, प्रणालीच्या स्वतःच्या फाइल-रचनेत न ठेवता एखाद्या डेटाबेसच्या हवाली करण्याची पद्धत. हा डेटाबेस एसक्यूलाइटसारखा टेबलांचा असू शकतो, बर्कली डीबीसारखा निव्वळ किल्ली-मूल्य जोड्यांचा असू शकतो किंवा बिगटेबल आणि स्पॅनर यांच्यासारखा अनेक यंत्रांवर पसरलेला असू शकतो. सगळाच इतिहास डेटाबेसमध्ये असणे ही या पद्धतीची काटेकोर व्याख्या होय. व्यवहारात मात्र मजकूर फाइलींत आणि त्याविषयीच्या नोंदी डेटाबेसमध्ये अशी मिश्र रचना जास्त आढळते, म्हणून येथे दोन्हींचा विचार केला आहे.

उगम : बेल लॅबोरेटरीजमध्ये मार्क रॉकाइंड यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली एससीसीएस आणि पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी रचलेली आरसीएस या दोन्ही प्रणालींत प्रत्येक मूळ फाइलीमागे एक इतिहास-फाइल असे. आरसीएसच्याच फाइलींवर उभ्या राहिलेल्या सीव्हीएसमध्ये या रचनेची मर्यादा ठळकपणे दिसून आली. दहा फाइलींचा एक बदल जमा करताना मध्येच काही बिघडले, तर पाच फाइली नव्या आणि पाच जुन्या अशी अवस्था उरे. प्रकल्पाच्या एखाद्या टप्प्याला खूणचिठ्ठी (नावाची खूण) लावायची, तर प्रत्येक इतिहास-फाइल उघडून तीत लिहावे लागे. अनेक नोंदींचा बदल ‘सगळा किंवा काहीच नाही’ या तत्त्वाने करणे ही डेटाबेसची जुनी हातोटी असल्याने इतिहास डेटाबेसमध्ये ठेवण्याचा विचार पुढे येणे स्वाभाविक होते.

हा विचार प्रथम कोणी अमलात आणला याविषयी एकमत नाही, आणि मतभेदाचे मूळ बहुतांशी व्याख्येत आहे. फ्रान्समधील ग्रनोबल येथे जॅकी एस्तुब्लिए आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात विकसित केलेली अडेल ही प्रणाली आरंभापासूनच ‘प्रोग्रॅमांचा डेटाबेस’ म्हणून मांडली गेली. तीत घटक, त्यांच्या आवृत्त्या आणि परस्परावलंबन ही सर्व नाती एका डेटाबेस-प्रारूपात बसवलेली होती. अपोलो कंपनीची डीएसईई ही प्रणाली साधारण त्याच काळातली, सुमारे १९८४ ची. डेव्हिड लेब्लँग यांचे नाव तिच्याशी निगडित असून काही अभ्यासक तिलाच अग्रमान देतात. मात्र तिचा भर संरचना व्यवस्थापन (कोणत्या घटकांच्या कोणत्या आवृत्त्या एकत्र घ्यायच्या हे ठरवणे) आणि बांधणी (त्यांपासून चालता प्रोग्रॅम तयार करणे) यांवर होता. तिसरा पक्ष डेटाबेसच्या बाजूने येतो. यंत्रभाग व विद्युत्-मंडले यांच्या संगणकीय आराखड्यांसाठी रचलेल्या अभियांत्रिकी डेटाबेसांत आवृत्ती ही संकल्पना स्वतंत्रपणे वाढली आणि रँडी कॅट्झ यांनी १९९० मध्ये या प्रयत्नांचा एकत्रित आढावा घेतला. त्याच सुमारास युरोपात पीसीटीई या मानकाने सर्व विकास-साधनांसाठी एक सामाईक वस्तुभांडार कल्पिले होते. स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जगात तर मूळ संहिता (सोर्स कोड) फाइलींत राहतच नसे, त्यामुळे एन्व्हीसारख्या साधनांनी ती सामाईक डेटाबेसमध्ये ठेवणे ओघानेच आले. आवृत्त्यांमधील नाती डेटाबेस-प्रारूपात मांडणे ही कसोटी मानली, तर अडेलचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. व्यापक औद्योगिक वापर ही कसोटी धरली, तर डीएसईईच्याच परंपरेतून १९९२ मध्ये बाजारात आलेल्या क्लिअरकेसकडे पाहावे लागते. तीत नोंदी अंतःस्थापित डेटाबेसमध्ये आणि मजकूर फाइलींत अशी विभागणी होती.

साठवणीचे तंत्र : टेबलांत इतिहास कसा मावतो हे फॉसिल या प्रणालीवरून चांगले कळते. एसक्यूलाइटचे जनक डी. रिचर्ड हिप यांनी रचलेली ही प्रणाली २००७ पासून स्वतःचाच इतिहास सांभाळत आहे, आणि २००९ मध्ये एसक्यूलाइटची मूळ संहिताही सीव्हीएसमधून तिच्यात आली. फॉसिलचे भांडार, म्हणजे सगळा इतिहास जिथे साठतो ती जागा, ही एक एसक्यूलाइट फाइल असते. तिच्यातील ‘ब्लॉब’ या टेबलात प्रत्येक फाइल-आवृत्तीची आणि प्रत्येक कमिट-पत्रकाची एकेक ओळ असते. त्या ओळीत हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक), मूळ आकार आणि आकुंचित मजकूर असतो. ‘डेल्टा’ या दुसऱ्या लहान टेबलात कोणती ओळ कोणत्या ओळीवरून फरकाने काढायची एवढेच लिहिलेले असते, आणि ‘पीलिंक’ हे टेबल कमिटांच्या जनक-अपत्य जोड्या ठेवते. या शेवटच्या टेबलामुळे एक महत्त्वाची सोय होते. आज बहुप्रचलित असलेल्या गिट या प्रणालीच्या कमिटमध्ये फक्त जनकाचा हॅश असतो, त्यामुळे एखाद्या कमिटपासून पुढे काय काय निपजले हे शोधायला शाखांच्या टोकांपासून मागे चालत यावे लागते. फॉसिलमध्ये तोच प्रश्न इंडेक्सवर (टेबलाच्या शोधसूचीवर) विचारता येतो आणि संपूर्ण वंशावळ एसक्यूएल या डेटाबेस-भाषेतील एका पुनरावर्ती (स्वतःच्याच उत्तरावर पुन्हा चालणाऱ्या) प्रश्नात हाती येते.

फरकांच्या साखळ्या हा या तंत्रातील सर्वांत नाजूक भाग आहे. प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीवरील फरक म्हणून ठेवली, तर जागा वाचते, पण हजारावी आवृत्ती वाचायला हजार फरक जोडावे लागतात. सबव्हर्जन या प्रणालीच्या मूळ रचनेत यावर झेपेच्या फरकांचा उपाय आहे. एखाद्या फाइलीची ५४ वी आवृत्ती ५३ व्या आवृत्तीवरून नव्हे, तर ५२ व्या आवृत्तीवरून लिहिली जाते, ५२ वी ४८ व्या, ४८ वी ३२ व्या आणि ३२ वी थेट शून्याव्या आवृत्तीवरून. क्रमांक द्विमान पद्धतीत लिहून त्यातला सर्वांत उजवीकडचा १ पुसला की आधाराची आवृत्ती मिळते. त्यामुळे ५४ ऐवजी ४ फरकांत काम भागते. सबव्हर्जनमध्ये आधी बर्कली डीबी आणि नंतर साध्या फाइली अशा दोन साठवणी आल्या, आणि साखळीची दिशा त्यांप्रमाणे बदलते. बर्कली डीबीच्या मांडणीत ताजी आवृत्ती अखंड ठेवून जुनी तिच्यावरील फरकाच्या रूपात पुन्हा लिहिली जाई, कारण डेटाबेसमधील जुनी नोंद बदलण्याची मुभा होती. फाइलींच्या मांडणीत एकदा लिहिलेल्याला पुन्हा हात लावायचा नाही हा दंडक असल्याने नवी आवृत्तीच जुन्यावरील फरक म्हणून लिहिली जाते.

सबव्हर्जनचा अनुभव : २००० मध्ये सुरू झालेल्या सबव्हर्जनने बर्कली डीबी विचारपूर्वक निवडला होता. अखंड व्यवहार (पूर्ण होणारे किंवा मुळीच न होणारे बदल), बिघाडानंतर सावरण्याची सोय आणि काम चालू असताना प्रत घेण्याची मुभा या गोष्टी तयार मिळत होत्या, आणि फेब्रुवारी २००४ मधील १.० आवृत्तीत दुसरा पर्यायच नव्हता. अडचणी आल्या त्या डेटाबेस वापरण्याच्या रीतीतून. बर्कली डीबी हा स्वतंत्र सर्व्हर नसून प्रत्येक प्रक्रियेत (चालू प्रोग्रॅममध्ये) जोडले जाणारे ग्रंथालय, म्हणजे तयार प्रोग्रॅम-भागांचा संच आहे. वेब सर्व्हर, सबव्हर्जनचा स्वतःचा सर्व्हर आणि त्याच यंत्रावर थेट काम करणारा वापरकर्ता हे सर्व त्याच फाइली एकाच वेळी उघडत. केवळ वाचणाऱ्यालाही कुलूप-नोंदी (इतरांना तात्पुरते थांबवणाऱ्या खुणा) लिहाव्या लागत असल्याने लेखनाचा अधिकार द्यावा लागे आणि फाइल-परवानग्यांतली एक चूक सर्वांना अडवी. एखादी प्रक्रिया मध्येच मारली गेली, तर तिची कुलपे तशीच राहत, भांडार अडकून पडे आणि व्यवस्थापकाने सर्वांना बाहेर काढून सावरण्याची आज्ञा चालवेपर्यंत कोणालाच काम करता येत नसे. नेटवर्कवरील डिस्कवर असे भांडार ठेवणे निषिद्धच होते.

सप्टेंबर २००४ मधील १.१ आवृत्तीत एफएसएफएस ही पर्यायी साठवण आली. तीत प्रत्येक कमिटसाठी एक फाइल आधी बाजूला पूर्ण लिहून होते, मग नाव बदलून ती जागेवर आणली जाते आणि शेवटी चालू क्रमांकाची चिमुकली फाइल बदलली जाते. लिहिणाऱ्यांना एक कुलूप पुरते, वाचणाऱ्यांना एकही लागत नाही. २००५ मध्ये १.२ आवृत्तीत हीच साठवण पूर्वनिश्चित ठरली आणि २०१३ मध्ये १.८ आवृत्तीत बर्कली डीबीचा वापर टाळावा असे अधिकृतपणे सांगण्यात आले.

यावरून डेटाबेस या कामाला अयोग्य ठरला असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो घाईचा आहे. याच प्रकल्पाने २००९ मध्ये १.६ आवृत्तीत सारखाच मजकूर दोनदा साठू नये म्हणून एसक्यूलाइटची अनुक्रमणी घेतली, आणि २०११ मध्ये १.७ आवृत्तीत वापरकर्त्याच्या कार्यप्रतीची (त्याच्या यंत्रावरील कामाच्या प्रतीची) सगळी स्थिती एका एसक्यूलाइट फाइलीत आणली. डेटाबेस गेला तो कधीच न बदलणाऱ्या इतिहासातून, आणि आला तो क्षणोक्षणी बदलणाऱ्या स्थितीसाठी. न बदलणाऱ्या मजकुराला व्यवहार-व्यवस्थेची गरज फारच थोडी असते. ती खऱ्या अर्थाने लागते शाखांची नावे, कुलपे आणि कार्यप्रतीची अवस्था यांना.

मोनोटोन आणि गिट : ग्रेडन होर यांची मोनोटोन ही प्रणाली २००३ मध्ये आली. संपूर्ण भांडार एका एसक्यूलाइट फाइलीत ठेवणे आणि प्रत्येक वस्तू शा-१ हॅशने ओळखणे ही तिची वैशिष्ट्ये होती. एप्रिल २००५ मध्ये लिनक्स या संगणक-कार्यप्रणालीसाठी नवी आवृत्ती नियंत्रण प्रणाली शोधताना तिचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मोनोटोनबाबत आवर्जून उल्लेख केला, पण तिचा वेग त्यांना पुरेसा वाटला नाही आणि गिटचा जन्म झाला. मोनोटोनच्या संथपणाचा दोष सहसा एसक्यूलाइटला दिला जातो. तथापि, प्रत्येक वस्तूची आणि प्रमाणपत्राची (स्वाक्षरी केलेल्या नोंदीची) वारंवार पडताळणी करण्याच्या तिच्या दक्षतेचा त्यात बराच वाटा असावा असे दिसते.

गिटच्या वस्तू (फाइलींचा मजकूर, कमिट इत्यादी) डेटाबेसमध्ये ठेवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. लिबगिट२ या ग्रंथालयात साठवणीचा थर बदलता येतो आणि एसक्यूलाइट, मायएसक्यूएल व रेडिस यांचे नमुने उपलब्ध आहेत. येथे दोन अडथळे येतात. गिटच्या पॅक-फाइलीत, म्हणजे अनेक वस्तू एकत्र बांधलेल्या फाइलीत, एकमेकांशी साम्य असलेल्या वस्तू फरकरूपाने शेजारी बसतात. प्रत्येक वस्तू टेबलाची स्वतंत्र ओळ झाली की हे साम्य वाया जाते आणि आकार फुगतो. दुसरे म्हणजे क्लोन करताना (संपूर्ण भांडाराची प्रत उतरवून घेताना) लाखो वस्तू वाचाव्या लागतात, आणि प्रत्येकीसाठी नेटवर्कवरून एक फेरी पडली तर एरवी मिनिटांत होणारे काम तासांवर जाते. जेगिट या जावा आवृत्तीत २०११ च्या सुमारास वितरित डेटाबेसांवर वस्तू ठेवण्याचा प्रयोग झाला, तो काही काळाने काढून टाकण्यात आला, आणि पॅक-फाइली वितरित फाइल-प्रणालीवर ठेवण्याची दिशा कायम राहिली.

आकाराचा प्रश्न : डेटाबेसमध्ये किती मोठा मजकूर ठेवणे परवडते याविषयी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील रसेल सिअर्स, कॅथरीन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांचा २००६ चा अभ्यास अजूनही आधारभूत मानला जातो. २५६ किलोबाइटपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये आणि १ मेगाबाइटपेक्षा मोठ्या फाइल-प्रणालीत ठेवाव्यात, असे त्यातून निघते. एसक्यूलाइटच्या २०१७ मधील मोजणीत सुमारे १० किलोबाइटच्या वस्तू स्वतंत्र फाइलींपेक्षा डेटाबेसमधून सुमारे ३५ टक्के वेगाने वाचता आल्या, कारण प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्याचा खर्च वाचतो. प्रोग्रॅमांची मूळ संहिता बहुधा याच आकारमानात मोडते. चित्रे, ध्वनी आणि त्रिमितीय आराखडे मात्र या मर्यादेपलीकडे जातात. १९९५ पासूनच्या परफोर्समध्ये नोंदी डेटाबेसच्या फाइलींत व मजकूर स्वतंत्र फाइलींत असतो, आणि मोठ्या फाइलींच्या प्रकल्पांत ती टिकून राहण्याचे हे एक कारण मानता येईल.

मोठ्या संस्थांतील वापर : गूगलने आपल्या सार्वजनिक संहिता-सेवेसाठी सबव्हर्जनची आणि पुढे मर्क्युरिअल या दुसऱ्या प्रणालीची साठवण बिगटेबलवर उभारली होती. कंपनीची अंतर्गत प्रणाली पायपर हीसुद्धा आधी बिगटेबलवर आणि नंतर स्पॅनरवर चालू लागली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णनानुसार तिच्या एकाच भांडारात सुमारे १ अब्ज फाइली, ३.५ कोटी कमिट आणि ८६ टेराबाइट मजकूर होता, आणि प्रती १० डेटा सेंटरांत पसरलेल्या होत्या. एवढ्या पसाऱ्यात प्रती एकसारख्या राखणे हेच मुख्य काम असते आणि ते डेटाबेसकडे सोपवणेच इष्ट ठरते. मायक्रोसॉफ्टच्या टीम फाउंडेशन सर्व्हरने सगळा इतिहास एसक्यूएल सर्व्हरमध्ये ठेवला. आयबीएमच्या रॅशनल टीम कॉन्सर्टनेही असाच मार्ग धरला.

टिकाऊपणा : इतिहास अनेक दशके वाचता यावा लागतो, त्यामुळे डेटाबेसच्या स्वरूपाशी बांधले जाण्याची भीती रास्त आहे. फॉसिलने तिचे उत्तर रचनेतच दिले आहे. फाइली आणि पत्रके हा कायमचा भाग, तर नात्यांची बाकी टेबले त्यांवरून साधित मानली जातात आणि एका आज्ञेने पुन्हा बांधता येतात. एसक्यूलाइटचे फाइल-स्वरूप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विदासंचांच्या जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत समाविष्ट आहे. सगळे एकाच फाइलीत असल्याने प्रत घेणे सोपे जाते. मात्र लेखन चालू असताना ती फाइल नुसती कॉपी करणे धोक्याचे असून त्यासाठी एसक्यूलाइटची स्वतःची प्रत-सुविधा वापरावी लागते.

सतत बदलणारी स्थिती डेटाबेसमध्ये ठेवावी का, या वर आलेल्या प्रश्नाचा पुढचा टप्पा म्हणजे गिटमध्ये अलीकडे झालेला बदल. शाखांची नावे सुट्या फाइलींत किंवा एका सलग यादीत ठेवण्याची जुनी रीत मोठ्या भांडारांत तोकडी पडत होती. अँड्रॉइडच्या भांडारात अशी ८.६६ लाख नावे नोंदली गेली होती आणि यादीतले एक नाव पुसायलाही संपूर्ण यादी पुन्हा लिहावी लागे. एलएमडीबी हा तयार डेटाबेस वापरण्याचा प्रस्ताव आला, पण तो स्वीकारला गेला नाही. जेगिटमध्ये आधी रुळलेली रेफटेबल ही रचना एप्रिल २०२४ मधील २.४५ आवृत्तीत पर्याय म्हणून दाखल झाली. तीत नावे क्रमाने लावलेल्या, सामाईक पूर्वभाग गाळलेल्या ठोकळ्यांत असतात, नवे बदल छोट्या टेबलांच्या रूपाने वर रचले जातात, ती टेबले अधूनमधून एकत्र केली जातात आणि अनेक नावांचा बदल अखंडपणे लागू होतो.