जाळायचं काय? ओळखपत्रविरोधाची पार्श्वभूमी

ओळखपत्राच्या सक्तीविरोधात काही करायचं ठरवायला सोलापुरात चारजण बसले की अर्ध्या तासात हा प्रश्न हमखास येतो. कार्ड जाळावं, तर चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे पाच मिनिटांत नवं निघतं. क्रमांक जळत नाही. मिठाचा कायदा मोडायला मीठ उचलता आलं, जंगलचा मोडायला गवत कापता आलं. १९३० च्या मार्शल लॉत तर नुसता झेंडा घेऊन रस्त्यावर उतरलं तरी हुकूम मोडला जायचा. चार हुतात्म्यांचं शहर आहे हे, तो इतिहास इथे नव्याने सांगायला नको. अडचण निराळीच आहे. मोडायला आधी हुकूम लागतो, आणि आधारच्या बाबतीत सर्वसामान्य माणसाला थेट 'काढलंच पाहिजे' असा हुकूम कुणी दिलेलाच नाही. जे आहे त्याला 'ऐच्छिक' म्हणतात. या टिपणात हा शब्द इतरांपेक्षा जास्त जागा खाणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

हा शब्द पहिल्यांदा अंगाशी आला तो १९०८ साली, दक्षिण आफ्रिकेत. ट्रान्सवालमधल्या प्रत्येक आशियाई माणसाने सरकारदरबारी नोंदणी करायची, दहा बोटांचे ठसे द्यायचे, दाखला जवळ बाळगायचा आणि पोलिसाने मागितला की दाखवायचा, असा तो कायदा. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एका नाट्यगृहात शपथ झाली, पुढच्या वर्षी जुलैत नोंदणी कचेऱ्यांवर निरोधन, म्हणजे दारात उभं राहून नोंदणीला येणाऱ्यांना समजावून परत पाठवणं, सुरू झालं आणि बहुतेकांनी नोंदणी केली नाही. इथवर सगळं सरळ होतं. हुकूम होता, तो मोडला, तुरुंग भरले.

मग जानेवारी १९०८ मध्ये तुरुंगातच असलेल्या गांधीजींची ट्रान्सवाल सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. लोकांनी आपणहून नोंदणी करावी, मग सरकार कायदा मागे घेईल, असा गांधीजींनी तिचा अर्थ लावला. म्हणजे दाखला तोच, ठसे तेच, फक्त सक्तीच्या जागी स्वेच्छा. जे सक्तीने देणं अपमानाचं, ते खुशीने देण्यात कमीपणा नाही, ही गांधीजींची बाजू. एका पठाणाने भर सभेत विचारलं की दहा बोटं गुन्हेगारांची घेतात असं तुम्हीच सांगत होता ना? १० फेब्रुवारीला गांधीजी नोंदणीला निघाले असताना वाटेतच त्यांच्यावर हल्ला झाला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी अंथरुणातच कागद मागवले आणि बोटांचे ठसे दिले. या निर्णयावर आजही दोन तट पडतात. माझ्या मते मारणारा चुकला, त्याचा प्रश्न मात्र चुकलेला नव्हता.

कारण कायदा मागे घेतला गेलाच नाही. स्वेच्छेने दिलेली बोटं सरकारच्या कपाटात गेली आणि हातात राहिला तो दाखला. पुढचा भाग आंदोलन आखणाऱ्याने बारकाईने बघावा. लोकांकडून दाखले आधीच गोळा करून ठेवले होते. सरकारला मुदतीचं पत्र गेलं होतं. १६ ऑगस्ट १९०८ ला हमीदिया मशिदीच्या आवारात तीन पायांची मोठी लोखंडी कढई मांडली होती. सभा सुरू होण्याच्या बेतात असताना एक कार्यकर्ता सायकलवरून सरकारची तार घेऊन आला: भूमिकेत बदल नाही. दोन हजारांहून जास्त दाखले कढईत गेले, वर तेल ओतलं आणि काडी लागली. फेब्रुवारीत ज्याने मारलं होतं तो मीर आलमही पुढे आला. त्याने ऐच्छिक दाखला घेतलेलाच नव्हता, म्हणून आपला जुना कागद जाळायला दिला. आपणहून घेतलेली गोष्ट आपणहून परत करता येते, आणि सरकारला ती परत घेऊन करायचं काय हे सुचत नाही, ही त्या दिवसाची खरी युक्ती. तेव्हा ती जमली, कारण कागद जळाला की ओळख जळत होती.

जिथे कढई नव्हती तिथे काय झालं, हे बघायला आफ्रिकेत जायला नको. सोलापुरातल्या सेटलमेंटपर्यंत रिक्षाने गेलं तरी पुरे. काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार मानणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये नव्याने आला, सगळीकडे लागू करता येईल असा झाला आणि त्यात नोंद झालेल्यांच्या बोटांच्या ठशांची तरतूद आली. या जमातींना ठेवण्यासाठीच्या मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी, म्हणजे सेटलमेंटपैकी, एक सोलापुरात होती. काटेरी तारेचं कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास. कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींतली माणसं तारेच्या आतून गिरणीत कामाला जायची आणि पुन्हा तारेच्या आत यायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडने युद्धकाळातली ओळखपत्रं बंद केली होती. तिथे एका मोटारचालकाने पोलिसाला कार्ड दाखवायला नकार दिला, खटला वर गेला आणि न्यायाधीशांनीच पोलिसांच्या सवयीवर ताशेरे मारले. इथे असा खटला कोण लढणार होतं? पास नाही म्हणजे माणूस थेट आत.

तारा गेल्या, 'सेटलमेंट' हे नाव राहिलं. आता त्याच घरांतल्या नातवंडांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजोबांचा पुरावा कुठून आणायचा? काही घरांत तो मिळतो तो सेटलमेंटच्या नोंदीतच. ज्या रजिस्टरने आजोबांना बांधून ठेवलं, त्याचीच नक्कल नातू प्लॅस्टिकच्या पिशवीत जपतो. म्हणून या वस्तीत जाऊन 'कागद दाखवू नका' असं भाषण ठोकणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच बघतात.

विडी कामगार बायकांचंही तसंच. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधीच्या कायद्यामुळे जे ओळखपत्र आलं ते मिळावं म्हणून इथे मोर्चे निघालेत, विरोधात नव्हे. घरी बसून पानं कातरणारी बाई कामगार आहे हे मालकाने कबूल केल्याचा तो एकमेव कागद. दवाखाना त्यावर, पोरांची शिष्यवृत्ती त्यावर, घरकुलही त्यावर. ओळखपत्र म्हटलं की सोलापुरात आधी हे कार्ड आठवतं, म्हणून विरोधाची भाषा इथे पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी होते. कार्ड नको असं कुणी म्हणत नाही. सगळीकडे तेच एक का, असं विचारतात.

आता आधारकडे. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले क्रमांक दिले गेले. दहा बोटं, दोन डोळे, एक फोटो. नोंदणी ऐच्छिक. कर्नाटक उच्च न्यायालयाचे एक निवृत्त न्यायाधीश २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबर २०१३ चा अंतरिम आदेश म्हणाला की आधार नाही म्हणून कुणाचं नुकसान होऊ नये. ११ ऑगस्ट २०१५ च्या आदेशाने वापर रेशन, रॉकेल आणि गॅसपुरता ठेवला. दोनच महिन्यांनी, १५ ऑक्टोबरला, त्यात रोजगार हमी, निवृत्तिवेतन, जनधन आणि भविष्यनिर्वाह निधी जोडले गेले, आणि आदेशात पुन्हा लिहिलं होतं: निव्वळ ऐच्छिक. हद्द वाढत गेली तसा शब्दही सोबत चालत गेला.

मार्च २०१६ मध्ये कायदा धन विधेयक म्हणून मंजूर झाला. त्यातलं कलम ७ बघा. नागरिकाने आधार काढलंच पाहिजे असं ते म्हणत नाही. सरकारी तिजोरीतून लाभ हवा असेल तर आधारची अट घालता येईल, एवढंच म्हणतं. हुकूम गेला आणि अट आली. हुकूम मोडला तर खटला होतो, वकील लागतो, पेपरात नाव येतं. अट पाळली नाही तर यातलं काहीच होत नाही, फक्त तांदूळ मिळत नाही. गांधीजींना स्मट्सने तुरुंगात तरी टाकलं! इथे नकार देणाऱ्याला कुणी हातही लावत नाही.

रेशन दुकानात हे फार साधं दिसतं. कात्रीने पान कापून, तंबाखू भरून, टोक दुमडून वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. ती पदराला अंगठा पुसते, मशीनवर ठेवते. लाल. दुकानदार ओलं फडकं पुढे करतो. दुसरं बोट. लाल. मागची म्हणते, 'अगं, डावा लाव.' ठसा जुळला नाही तर दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी हे नियमात आहे, पण मागे रांग असते आणि सर्व्हर डाऊन असतो. तेलुगू घरांत आणखी एक भानगड. त्यांचं आडनाव आधी, आपलं शेवटी. दोन कागदांवर एकच बाई दोन बायका होते आणि पीएफ अडकतो. संजय गांधी निराधार योजनेलाही आधार लागतो, यावर इथे इतक्या वेळा हसून झालंय की आता कुणी हसत नाही.

२६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा चार विरुद्ध एक असा निकाल आला. खासगी कंपन्यांचा वापर, बँक खात्याची आणि मोबाइलची सक्ती गेली, शाळाप्रवेशाला आधार नको ठरलं. कलम ७ राहिलं, पॅनची जोडणी राहिली. पुढच्याच वर्षी दुरुस्ती झाली आणि बँक-मोबाइल मागच्या दाराने आत आले, अर्थातच 'स्वेच्छेने'. डिसेंबर २०२१ मध्ये मतदारयादीशी जोडणीचा कायदा आला, तीही ऐच्छिक. त्यासाठीच्या ६-ब अर्जात दोनच पर्याय होते. क्रमांक द्या, किंवा माझ्याकडे आधार नाही असं लिहून द्या. 'आहे, पण देणार नाही' याला चौकटच नव्हती. 'ऐच्छिक'ची इतकी प्रामाणिक व्याख्या दुसऱ्या कुठल्या कागदावर मी पाहिलेली नाही. मग शाळेतून विद्यार्थ्यांच्या 'अपार' ओळखक्रमांकाची संमतिपत्रं आली, २०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींना ई-केवायसी आली.

या सगळ्यात मोडता येईल असा खराखुरा हुकूम एकाच ठिकाणी सापडतो, आणि तो आधारच्या कायद्यात नाही. नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने १४-अ कलम आलं: सरकार प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंद करून त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देऊ शकेल. त्याखालच्या नियमांनुसार लोकसंख्या नोंदवहीसाठी (एनपीआर) कुटुंबप्रमुखाने माहिती देणं बंधनकारक, नाही दिली तर हजार रुपयांपर्यंत दंड. २४ डिसेंबर २०१९ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने या नोंदवहीसाठी ३,९४१ कोटी मंजूर केले, तेव्हा नागरिकत्व कायद्यातल्या नव्या दुरुस्तीविरोधात (सीएए) रस्ते आधीच भरलेले होते. आखणी करणाऱ्यांना बऱ्याच वर्षांनी हातात धरायला काहीतरी मिळालं. प्रगणक दारात येणार, प्रश्न विचारणार, आपण उत्तर देणार नाही. हजार रुपये ही विडी कामगाराच्या घरात लहान रक्कम नव्हे, म्हणून दंडासाठी वर्गणी काढावी का, यावरही बोलणं झालं. सेटलमेंट भागातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तेवढ्यात विचारलं, 'दंडाची पावती मिळंल न्हवं? जपून ठिवतो, पुढं पुरावा लागंल.' ते गंभीर होते की चेष्टा करत होते, मला अजून कळलेलं नाही.

एप्रिल ते सप्टेंबर २०२० मध्ये नोंदणी व्हायची होती. २५ मार्चला ती कोविडमुळे पुढे ढकलली गेली. पुढच्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली, तिच्यात नोंदवहीचा उल्लेख नव्हता. १४-अ कलम आणि ते नियम जागच्या जागी आहेत. त्या वेळी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत केलेला पत्रकाचा मसुदा माझ्याकडे एका फायलीत आहे. प्रगणक कधी येणार ती तारीख टाकायला मध्ये जागा सोडली होती, ती अजून कोरी आहे.